रागाच्या भरात नव्हे

बायकोला मारणाऱ्या पुरुषांबरोबर काम करणारे लंडी बँक्रॉफ्ट नावाचे एक अमेरिकी समुपदेशक आहेत. बॉस्टन परिसरातल्या ‘इमर्ज’ या संस्थेत ते बरीच वर्षं होते. ही संस्था १९७७ साली सुरू झाली तीच मुळी अशा पुरुषांसाठी. अमेरिकेतला अशा प्रकारचा तो पहिला प्रयत्न मानतात. बँक्रॉफ्ट यांनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात एका बाईशी झालेलं बोलणं दिलं आहे. नवऱ्याचं डोकं फिरलं की तो घरातल्या वस्तू फोडत सुटतो, त्याला कशाचं भानच राहत नाही, असं ती सांगत होती. त्यांनी विचारलं, फुटतात त्या वस्तू कोणाच्या? बाई विचारात पडली. आजवर फुटलेलं सगळं तिचंच होतं. मग त्यांनी विचारलं, नंतर पसारा कोण आवरतं? तोही तीच.

पुरुषांना ते वेगळा प्रश्न विचारत. तुम्ही तिला ढकललंत, शिव्या दिल्यात, मग त्याच्या पुढे का नाही गेलात? यावर उत्तर तयार असे. छे, एवढं कसं करीन. पोलीस आले असते. मुलं बघत होती. म्हणजे ऐन संतापातही आत कुठेतरी हिशेब चालू होता. किती केलं तर खपेल आणि कितीनंतर अंगाशी येईल, याची रेघ त्या माणसाला नीट दिसत होती.

‘रागाच्या भरात’ हे शब्द आपल्याकडे बातमीत असतात, जबानीत असतात, आणि दोन्हीकडची माणसं बसवून समेट घडवतात त्या बैठकीतही असतात. भांड्याला भांडं लागायचंच, असं म्हणून वडीलधारी मंडळी विषय मिटवतात. हे स्पष्टीकरण मूळचं मारणाऱ्याचं आहे, हे मात्र कोणी लक्षात घेत नाही. पाठलाग करणारे, जोडीदाराचा छळ करणारे आणि लैंगिक अत्याचार करणारे अशा तिन्ही प्रकारच्या गुन्हेगारांवर गेल्या चाळीसेक वर्षांत जे संशोधन झालं, त्यातला मोठा भाग हे स्पष्टीकरण तपासून पाहण्यातच गेला आहे. आणि ते फारसं टिकलेलं नाही.

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर विद्यापीठातल्या जेन मंक्टन स्मिथ या आधी पोलीस दलात होत्या, पुढे गुन्हेशास्त्राकडे वळल्या. जोडीदाराने किंवा पूर्वीच्या जोडीदाराने केलेल्या ३७२ खुनांचा त्यांनी माग काढला आणि २०१९ साली तो अभ्यास मांडला. ‘क्षणिक संतापातून खून’ अशी नोंद असलेल्या प्रकरणांतही त्यांना एकामागून एक येणारे आठ टप्पे सापडले. पहिला टप्पा ती दोघं भेटण्याच्याही आधीचा: त्याने आधीच्या नात्यात कोणावर तरी हुकमत गाजवलेली असते किंवा कोणाचा तरी पिच्छा पुरवलेला असतो. दुसऱ्यात नातं भलत्याच वेगाने पुढे सरकतं. महिन्याभरात आणाभाका, दोन महिन्यांत लग्नाची घाई. तिसरा टप्पा नियंत्रणाचा, आणि काही जोडपी याच टप्प्यात सबंध आयुष्य काढतात. चौथ्यात नियंत्रणाला धक्का बसतो. बहुतेक वेळा तो धक्का म्हणजे तिचं निघून जाणं, किंवा जाईन असं म्हणणं. पाचव्यात विनवण्या, रडारड, जीव देण्याच्या धमक्या, तिच्या ऑफिसखाली उभं राहणं हे सगळं वाढत जातं.

सहावा टप्पा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो बाहेरून दिसत नाही. इथे त्याचा विचार बदलतो. परत मिळवायचं की सूड घ्यायचा, याचा निकाल तो मनाशी लावतो. अनेकदा माणूस वरून शांत झालेला दिसतो आणि घरचे म्हणतात, चला, निवळला. सातव्यात तयारी: हत्यार, जागा, ती एकटी कधी सापडेल याची चौकशी, कधी ‘शेवटचं एकदा भेट’ असा निरोप. आठवा टप्पा खुनाचा. क्षणिक म्हणतात तो संताप काही आठवडे, कधी काही महिने शिजत होता, असं या नोंदी सांगतात.

अमेरिकेत हेच काम एका परिचारिकेने आधी सुरू केलं होतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पुढे प्राध्यापक झालेल्या जॅकलिन कॅम्बेल यांनी १९८० च्या दशकात मार खाणाऱ्या बाईच्या जिवाला किती धोका आहे हे ताडण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. प्रश्नांच्या आधी बाईच्या हातात वर्षभराचं कॅलेंडर देतात. कोणत्या दिवशी काय झालं, आठवेल तशी खूण करायची. सणवार, मुलाचा वाढदिवस, बहिणीचं लग्न अशा आधाराने तारखा आठवत जातात, आणि ‘तसं काही वाढलेलं नाही’ म्हणणाऱ्या बाईला आपल्याच हाताने केलेल्या खुणा दाटत गेलेल्या दिसतात. या संशोधकांच्या गटाच्या कामातून दोन गोष्टी फार ठळकपणे पुढे आल्या. ज्या बाईचा गळा जोडीदाराने पूर्वी एकदा जरी दाबला असेल, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सातपटीहून अधिक आढळला. आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जोडीदाराने मारलेल्या बायकांपैकी ७६ टक्के बायकांचा खुनाआधीच्या वर्षभरात पाठलाग झालेला होता. गळा दाबल्याची खूण बरेचदा कातडीवर राहतही नाही. डोळा सुजलेला असेल तर पोलीस चौकीत निदान कोणी मान वर करून बघतं. गळ्याची तक्रार एका एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, भागवली जाऊ शकते.

खून हे टोक झालं. त्याच्या अलीकडे जे चालतं त्याला समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ सालच्या पुस्तकात जबरदस्तीचं नियंत्रण म्हटलं. मारहाण हा त्याचा एक भाग, आणि काही घरांत मारहाण फारशी होतही नाही. आपल्याकडच्या घरात ते कसं दिसेल, याची कल्पना करायला फार ताण द्यावा लागत नाही. पगार तिचा, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. फोनला लॉक ठेवायचं नाही. माहेरी पोचल्यावर व्हिडिओ कॉल करून खोलीत कोण कोण आहे ते दाखवायचं. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर कोणासाठी जागी होतीस, याचा जबाब द्यायचा. नियम सारखे बदलत राहतात, त्यामुळे ते पाळून सुटका होत नाही. उद्या काय चुकेल हे तिला ठाऊक नसतं आणि हळूहळू ती त्याच्याच डोळ्यांनी स्वतःवर पाळत ठेवू लागते. इंग्लंड-वेल्सने २०१५ साली हे वागणं स्वतंत्र गुन्हा ठरवलं. आपल्या २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या व्याख्येत तर शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळ आधीपासून आहेत, फक्त तक्रार करायला गेल्यावर पहिला प्रश्न ‘मारलं का?’ असाच येतो.

घरातलं प्रत्येक भांडण या चौकटीत बसत नाही, हेही सांगायला हवं. मायकेल जॉन्सन या समाजशास्त्रज्ञांनी १९९५ साली दोन प्रकार वेगळे काढले. एकात वाद चिघळतो आणि दोघांपैकी कोणाचाही हात उठतो. त्यामागे हुकमत गाजवण्याची पद्धतशीर योजना नसते. दुसऱ्यात मारहाण ही धाक कायम ठेवण्याची रीत असते, आणि तिथे मारणारा बहुतांशी पुरुष असतो. सर्वेक्षणांत पहिला प्रकार जास्त सापडतो, रुग्णालयात आणि आसरागृहांत दुसरा. नवरे मार खातात की नाही यावर जे वाद झडतात, त्यातल्या अनेक वादांत दोन बाजू दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

हुकमत गाजवणाऱ्याच्या आत काय चालतं, यावर अमेरिकेत एक फार गाजलेला प्रयोग झाला. सिअॅटलमधल्या नील जेकबसन आणि जॉन गॉटमन यांनी मारहाण होत असलेल्या जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून वादाच्या विषयांवर बोलायला लावलं आणि त्यांच्या नाडीचे ठोके मोजले. बहुतेक पुरुषांचे ठोके वाढले. पण साधारण पाचातल्या एकाचे भांडताना चक्क उतरले. आवाज चढलेला, आत मात्र थंड. या पुरुषांना त्यांनी नागाची उपमा दिली आणि ती जगभरच्या मासिकांतून फिरली. पुढे २००१ साली दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा हा निष्कर्ष हाती लागला नाही. आजही अनेक लेखांत तो सिद्ध झालेला म्हणून येतो, म्हणून ही तळटीप मजकुरातच दिलेली बरी.

मारणारे सगळे थंड डोक्याचे नसतात, हे कॅनडातल्या डोनाल्ड डटन यांच्या कामातून दिसतं. त्यांना अशा पुरुषांत एक मोठा गट असा आढळला की ज्यांना सोडून दिलं जाण्याची भीती सतत कुरतडत असते. बाहेर दरारा, आत परावलंबन. तिचं मन, वेळ, शरीर यांवर आपला ताबा असेल तरच आपण कोणीतरी आहोत असं त्यांना वाटतं. ती मैत्रिणीशी फोनवर हसली तरी काहीतरी हातचं गेल्यासारखं होतं. त्यांची भीती खरी असते, यात मला शंका वाटत नाही. पण घाबरलेला माणूस मदत मागू शकतो, रडू शकतो, दूर जाऊ शकतो. भीतीवर इलाज म्हणून दुसऱ्याला जेरबंद करायचं, हे मात्र भीती शिकवत नाही. ‘ती माझी आहे’ ही समजूत शिकवते. बाई घर सोडते तो काळ तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा का, हेही यातून कळतं. ‘एवढं आहे तर सोडत का नाही’ असं विचारणाऱ्याला हा धोका माहीत नसतो, तिला असतो.

पाठलागाकडे वळलं की हीच समजूत अधिक उघडी दिसते, कारण इथे अनेकदा नातं नसतंच. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा मानणारा अमेरिकेतला पहिला कायदा कॅलिफोर्नियाने १९९० साली केला. आदल्या वर्षी रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीला तिच्या एका चाहत्याने दारात गोळी घातली होती. तिचा पत्ता त्याने खासगी गुप्तहेरामार्फत वाहन नोंदणी खात्यातून मिळवला होता. मग मानसोपचारतज्ज्ञांनी या लोकांचा अभ्यास सुरू केला. मेलबर्नचे पॉल मलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली १४५ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात चार पंचमांश पुरुष होते. निम्म्याहून अधिक जणांचं आयुष्यात कधीच कोणाशी जवळचं नातं जुळलेलं नव्हतं. पाठलाग सरासरी वर्षभर चालला होता, एकाचा तर वीस वर्षं. ५२ जणांनी प्रत्यक्ष हल्ला केला होता.

मलन यांनी हेतूवरून पाच प्रकार पाडले. तुटलेलं नातं सोडायला तयार नसलेला. दूरच्या व्यक्तीचं आपल्यावर प्रेम आहे असं मानणारा. ओळख कशी वाढवावी हे न कळणारा बावळट प्रेमवीर. कसला तरी अन्याय झाला म्हणून डूख धरणारा. आणि हल्ल्याची तयारी म्हणून गुपचूप टेहळणी करणारा. यातला दुसरा प्रकार खऱ्या अर्थाने आजाराचा. फ्रेंच मानसोपचारतज्ज्ञ क्लेराम्बो यांनी १९२१ साली अशा एका बाईची हकीकत लिहून ठेवली आहे. ५३ वर्षांच्या या बाईची खात्री होती की इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज तिच्यावर प्रेम करतात. ती लंडनला जाऊन बकिंगहॅम राजवाड्याबाहेर उभी राही आणि खिडकीचा पडदा हलला की तो तिला इशारा वाटे. असा रुग्ण औषधोपचाराने बरा होऊ शकतो. मारहाणीचा धोका मात्र यापेक्षा पहिल्या प्रकारात जास्त, आणि पहिल्या प्रकारातले बहुतेक जण वेडे नसतात. नोकरी करतात, सोसायटीच्या मीटिंगला येतात, व्यवस्थित बोलतात.

वेड नसताना माणूस महिनोन् महिने नकाराच्या मागे का लागतो, याचं मला पटणारं उत्तर अमेरिकेतल्या स्पिट्झबर्ग आणि क्युपॅक या दोन अभ्यासकांनी दिलं आहे. आपल्या सगळ्यांच्याच काही मोठ्या इच्छा असतात: सुखी व्हावं, आपल्याला किंमत असावी. आणि काही छोट्या: अमुक मुलीने हो म्हणावं. बहुतेक लोक छोटी इच्छा फसली की काही दिवस झुरतात आणि दुसरी धरतात, कारण मोठी इच्छा पुरी होण्याच्या अनेक वाटा त्यांना दिसतात. पाठलाग करणाऱ्याच्या मनात या दोहोंची गाठ बसलेली असते. ती मिळाली तरच सुख, ती नाही तर आपली किंमत शून्य. मग नकार हा एका मुलीचा निर्णय राहत नाही, तो साऱ्या अस्तित्वावरचा हल्ला ठरतो. रात्रंदिवस तोच विचार, त्या विचाराने वाढणारी घालमेल, आणि घालमेल शमवायला पुन्हा एक मेसेज.

त्यात भर पडते ती अधूनमधून मिळणाऱ्या प्रतिसादाची. प्राण्यांवरच्या प्रयोगांत बी. एफ. स्किनर यांनी दाखवलं होतं की दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय फार चिवट असते. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर माणसाला खुर्चीत खिळवून ठेवतं. मुलीने एकोणतीस फोन उचलले नाहीत आणि तिसावा वैतागून उचलून ‘मला फोन करू नकोस’ असं सुनावलं, तर त्याच्या डोक्यात नोंद होते ती तीस फोन केले की ती बोलते, एवढीच. म्हणून या क्षेत्रातले जाणकार सांगतात: एकदाच, स्पष्ट शब्दांत, कारणं न देता नाही म्हणायचं आणि मग संपर्क पूर्ण थांबवून पुरावे जपायचे. आपल्याकडच्या मुलींना मात्र लहानपणापासून सौम्य नकार शिकवलेला असतो. ‘घरचे ऐकणार नाहीत’, ‘आत्ता अभ्यास आहे’. सौम्यपणे नाही म्हणणं ही तिची चूक नव्हे. त्यातून हवा तो अर्थ काढणारा स्वतःच्या सोयीचं तेवढंच ऐकतो.

याचं एक दुःखद उदाहरण भारतीयांशी जोडलेलं आहे. १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात भारतातून शिकायला आलेल्या एका तरुणाची तातियाना टॅरासॉफ हिच्याशी ओळख झाली. नववर्षाच्या रात्री तिने त्याचं चुंबन घेतलं. त्याने ते लग्नाच्या वचनासारखं धरलं. तसं काही नाही, हे तिने त्याला सांगितलं. त्यानंतर तो खचला, त्यांच्या संभाषणांच्या टेप पुन्हा पुन्हा ऐकून तिचं प्रेम का नाही याचा शोध घेत बसला. आपण तिला मारणार, हे त्याने विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, पण तो समंजस वाटला म्हणून सोडून दिलं. तातियानाला कोणीच सावध केलं नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याने तिचा खून केला. रुग्णाकडून कोणाच्या जिवाला धोका असेल तर त्या व्यक्तीला वाचवण्याची काळजी घेणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली याच प्रकरणात दिला आणि तो जगभरच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. समंजस वाटणं हा धोका नसल्याचा पुरावा नव्हे, हा त्यातला दुसरा धडा तितकासा शिकवला जात नाही.

महाराष्ट्राला असे खून नवे नाहीत. १९९० साली उल्हासनगरच्या दहावीच्या परीक्षा केंद्रात, १९९८ साली सांगलीत, २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटच्या चौकात. दर वेळी बातमीत ‘एकतर्फी प्रेमातून’ असं छापून आलं. पेट्रोलची बाटली भरून घेऊन वाट पाहत उभं राहणाऱ्याच्या कृत्यामागे प्रेम होतं, हे मारणाऱ्याचंच म्हणणं आपण मथळ्यात चढवत आलो. सिनेमाला यात किती दोष द्यावा? २०१५ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या न्यायालयात एका भारतीय सुरक्षारक्षकावर दोन महिलांचा पिच्छा पुरवल्याचा खटला चालला. हिंदी सिनेमा पाहून त्याला असं मागे लागणं नैसर्गिक वाटलं, असा बचाव त्याच्या वकिलाने केला आणि आरोपी तुरुंगवासाशिवाय चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटला. मिशिगन विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात, मागे लागणाऱ्या नायकाचं कौतुक करणारा चित्रपट पाहिल्यावर प्रेक्षक पाठलागाबद्दलच्या गैरसमजुती अधिक मान्य करतात, असं दिसलं होतं. सिनेमा गुन्हेगार घडवत नसेल, पण त्याला सबब पुरवतो आणि बघ्यांना गप्प करतो. आपल्या कायद्यात पाठलाग हा गुन्हा दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३ साली आला. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण तो जामीनपात्र आहे. म्हणजे तक्रार केल्यावर काही तासांत तो पुन्हा तिच्या गल्लीच्या तोंडाशी असू शकतो.

लैंगिक अत्याचार करणाऱ्यांच्या बाबतीत ‘भान सुटलं’ याला ‘वासना अनावर झाली’ असं रूप येतं. समाजशास्त्रज्ञ डायना स्कली यांनी १९८० च्या दशकात व्हर्जिनियाच्या तुरुंगांतल्या ११४ बलात्काऱ्यांशी बोलून ही भाषाच तपासली. काही जण गुन्हा कबूल करत, काही नाकारत. नाकारणारे म्हणत, तिची इच्छा होती, ती तसलीच होती. कबूल करणारे म्हणत, केलं ते वाईट, पण तो मी नव्हतोच, माझी मनःस्थिती ठीक नव्हती. गंमत दारूची. दोन्ही गट दारूचा आधार घेत होते. कबूल करणारे आपण प्यायलो होतो असं सांगून सुटका शोधत, नाकारणारे ती प्यायली होती असं सांगून तिला दोषी ठरवत. एकच बाटली, ज्याला जशी सोयीची तशी.

मेरी कॉस यांनी अमेरिकेतल्या ३२ महाविद्यालयांतल्या ६,१५९ विद्यार्थ्यांची पाहणी केली (ती १९८७ साली प्रसिद्ध झाली) तेव्हा ‘बलात्कार’ हा शब्दच वापरला नाही. कृती विचारली: समोरचीची इच्छा नसताना, धमकी देऊन किंवा बळ वापरून तुम्ही असं असं केलंत का? ज्यांनी स्वतःला कधी गुन्हेगार मानलं नसतं असे कितीतरी तरुण हो म्हणून गेले. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी आशिया-पॅसिफिकमधल्या सहा देशांत (त्यात भारत नव्हता; बांगलादेश आणि श्रीलंका होते) दहा हजारांहून अधिक पुरुषांना असेच प्रश्न विचारले. २०१३ साली निष्कर्ष आले. पत्नी किंवा जोडीदार धरून जवळपास चौघांतल्या एकाने कधीतरी जबरदस्ती केल्याचं मान्य केलं. का, याचं सर्वांत जास्त आलेलं उत्तर होतं: मला तो हक्क आहे असं वाटलं. ७३ टक्क्यांनी ते निवडलं. त्याखालोखाल मजा किंवा कंटाळा, मग राग किंवा शिक्षा, आणि दारू सगळ्यांच्या शेवटी, २७ टक्के. निम्म्याहून अधिकांनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ते विशीच्या आतले होते.

बलात्कार हा लैंगिक सुखाचा नव्हे तर सत्तेचा गुन्हा, असं सत्तरच्या दशकापासून म्हटलं जातं. निकोलस ग्रोथ यांनी तुरुंगातल्या कैद्यांवरून १९७९ साली ते मांडलं आणि ‘कपडे असे का घातले’ या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याचा फार उपयोग झाला. पण वरची आकडेवारी पाहिल्यावर मला ते अर्धंच वाटतं. शरीरसुख हवं असणं आणि ते घेण्याचा आपल्याला हक्क आहे असं मानणं, यांतली दुसरी गोष्ट गुन्हा घडवते, आणि ती तुरुंगाबाहेर, घरोघरी सापडते. भारतात पोलिसांकडे नोंदल्या जाणाऱ्या बलात्कारांत वर्षानुवर्षं सुमारे ९५ टक्के आरोपी ओळखीचे असतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लैंगिक हिंसा भोगलेल्या विवाहित स्त्रियांपैकी पाचांतल्या चौघींहून अधिक जणींनी करणाऱ्याचं नाव सांगितलं ते आत्ताच्या नवऱ्याचं. पत्नी प्रौढ असेल तर आपला कायदा त्याला बलात्कार म्हणत नाही. त्याच पाहणीत पत्नीला मारणं काही कारणांसाठी तरी योग्य आहे असं ४४ टक्के पुरुष म्हणाले. बायका? ४५ टक्के.

बालपणी घरात मार पाहिला, स्वतः अत्याचार सोसला, याने धोका वाढतो हे खरं आहे. पण असे बहुसंख्य लोक मोठेपणी कोणावर हात उचलत नाहीत. दारूचंही तसंच. प्यायल्यावर घरी बायकोला झोडपणारा माणूस त्याच अवस्थेत रस्त्यात भेटलेल्या हवालदाराला ‘साहेब’ म्हणतो.

मग हे लोक बदलतात का? इथे अभ्यासकांनी बऱ्याच ठेचा खाल्ल्या आहेत. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी १९९० च्या दशकापासून एक मोठा उपचार कार्यक्रम चाले. गटात बसायचं, आपला गुन्हा तपशीलवार सांगायचा, पीडितेच्या जागी स्वतःला ठेवून पाहायचं. ऐकायला अगदी पटण्यासारखं. २०१७ साली सरकारनेच त्याचा हिशेब प्रसिद्ध केला: उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडले, न घेतलेल्यांपैकी ८ टक्के. कार्यक्रम बंद करावा लागला. गटात बसून असल्या कहाण्या ऐकता ऐकता त्या नेहमीच्या वाटू लागल्या असाव्यात, असा एक तर्क आहे. मिनेसोटातल्या दुलुथ गावी १९८१ साली सुरू झालेला मारहाण करणाऱ्या पुरुषांसाठीचा कार्यक्रम जगभर उचलला गेला, त्याच्यासारख्या कार्यक्रमांचाही परिणाम मोजणीत थोडाच निघाला. त्याच्या एक शिल्पकार एलेन पेन्स यांनी पुढे स्वतःच लिहिलं, की आम्ही सत्तेचा सिद्धांत मनात धरून बसलो होतो आणि समोरचे पुरुष काय सांगतात ते नीट ऐकत नव्हतो. मुंबईत १९९३ साली सुरू झालेली ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उलट्या टोकाने काम करते: गुन्हा घडण्याच्या आधी, महाविद्यालयातल्या मुलांशी, त्यांच्या भाषेत. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीतलं ते वय पाहता हे टोक मला जास्त शहाणपणाचं वाटतं, जरी त्याचा परिणाम मोजणं आणखी कठीण असलं.

यश मोजायचं कशाने, हा प्रश्नही उशिरा पडला. आधी पोलिसांत पुन्हा तक्रार आली का, एवढंच पाहत. इंग्लंडमध्ये २०१५ साली पूर्ण झालेल्या ‘मिराबल’ प्रकल्पात अशा कार्यक्रमांना गेलेल्या पुरुषांच्या बायकांनाच विचारलं गेलं. कार्यक्रमाआधी ८७ टक्के जणींनी तो थप्पड मारतो, ढकलतो किंवा वस्तू फेकून मारतो असं सांगितलं होतं; वर्षभरानंतर ७ टक्क्यांनी. पाहणी लहान होती आणि मधेच गळालेले पुरुष बरेच होते, हे लक्षात ठेवूनही आकडा मोठा आहे. पण त्यांना आणखीही विचारलं होतं: घरात तुम्हाला मोकळेपणाने बोलता येतं का, पैसा कोणाच्या हातात असतो, कुठे जायचं हे तुम्ही ठरवता का? तिथे सुधारणा बरीच कमी निघाली. मारणं बंद करणं त्यांतल्या अनेकांना जमलं होतं. तिचा फोन न तपासता झोपणं त्यापेक्षा अवघड गेलं.